आमच्या सुट्टीला तारीखच नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर एका आजोबांचं पत्र आलं होतं, नाशिकच्या कॉलेज रोडवर बसणाऱ्या पोरापोरींबद्दल. रात्री उशिरापर्यंत कॅफेत गर्दी, गाड्यांचे फाडफाड आवाज, आणि शेवटी असं की यांना उन्हाळ्याची तीन तीन महिने सुट्टी असते तरी कुणी एखादी भाषा शिकत नाही, कुठे कामाला जात नाही, आईबापाला हातभार लावत नाही. आजोबांचं गाड्यांबद्दलचं सगळं मान्य आहे, उलट मी त्यांच्याच बाजूने आहे, कारण आमची रूम त्या रोडच्या मागच्याच गल्लीत आहे आणि सायलेन्सर बदललेल्या बुलेटने माझी झोप कितीतरी वेळा मोडलीये. पण ते तीन महिन्यांचं वाचलं आणि आम्ही चौघी इतक्या हसलो की खालून घरमालक काकू वर आल्या, काय झालं गं म्हणून. काकूंना पेपर दाखवला तर त्या हसल्या नाहीत, त्यांनी उलट तोच प्रश्न विचारला जो त्या महिनाभर विचारतायत. "मग पोरींनो, तुम्ही किती तारखेपर्यंत आहात?"

तर साहेब, हे पत्र त्या प्रश्नाबद्दल आहे, कारण परीक्षा कधी संपणार हेच आम्हाला कुणी नक्की सांगत नाही. पत्र मोबाईलवर टाइप केलंय, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

मी एस.वाय. बीएस्सीला म्हणजे दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. गाव निफाड तालुक्यात, घरी चार एकर, त्यातली दीड एकर द्राक्षबाग आणि बाकीत कांदा, थोडा गहू. शाळेत होते तेव्हा सुट्टी म्हणजे काय हे सांगावं लागायचं नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, मग १ मे ला सकाळी झेंडावंदन आणि तिथेच निकाल, सरांच्या हातातून प्रगतिपुस्तक घ्यायचं, घरी येऊन दप्तर खुंटीला आणि दुसऱ्या दिवशी मामाकडे. जून अर्धा झाला की परत शाळा. एवढी सरळ गोष्ट होती. आई त्या तारखांवर सगळं बसवायची, कुरडया कधी करायच्या (गव्हाचा चीक हाटायला माणूस लागतो ना), बाजरीच्या खारोड्या कधी, नागलीचे पापड लाटायला शेजारच्या काकूंना कधी बोलवायचं. पोरं घरात आहेत म्हणजे वाळवण राखायला माणूस आहे, असा तिचा हिशोब. मी गच्चीवर छत्री उघडून बसायचे, हातात काठी, कावळे हाकलायला, आणि निम्म्या ओल्या कुरडया मीच खायचे, ते जाऊद्या.

कॉलेजला आले आणि ती १ मे गेली. तिच्या जागी काय आलं म्हणाल तर पीडीएफ आल्या.

आता हे ज्यांनी कॉलेज सोडून वीस-तीस वर्षं झाली त्यांना कळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. परीक्षेचं टाइमटेबल आधी ग्रुपवर येतं. कुणी टाकलं माहीत नसतं, वरती लिहिलेलं असतं टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरतं. त्यावर सगळे घरी फोन करतात. मग दहा-बारा दिवसांनी दुसरी पीडीएफ, रिव्हाइज्ड. मग रिव्हाइज्ड टू. मग फायनल. आणि फायनलनंतर एक येते तिच्यावर लिहिलेलं असतं फायनल करेक्टेड, ती कुणीही उघडून बघत नाही कारण सगळ्यांना वाटतं तीच जुनी परत फॉरवर्ड झालीये, आणि नेमका बदल तिच्यात असतो. माझ्या मोबाईलमध्ये याच सेमिस्टरच्या पाच आहेत. नावाने सेव्ह केल्यात, पहिली, दुसरी अशा. पहिलीत थिअरी एप्रिलच्या मध्यावर सुरू होणार होती, दुसरीत एप्रिलच्या शेवटी, आणि आता पाचवीत आमच्या एका मायनर, म्हणजे दुय्यम विषयाच्या पुढे तारखेच्या जागी फक्त एक आडवी रेघ आहे. आमच्या मॅडमना विचारलं तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, अगं मलाही तुमच्यासारखंच ग्रुपवर कळतं. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांचं स्वतःचं कोकणात जायचं तिकीट दोनदा कॅन्सल झालंय.

आमचा दिवस कसा जातो तेही आजोबांना सांगावंसं वाटतं, कारण त्यांना आम्ही फक्त संध्याकाळी सातनंतर दिसतो. सकाळी साडेसातला पहिलं लेक्चर. त्याच्या आधी चौघींत एक बाथरूम. लेक्चरनंतर प्रॅक्टिकल, टायट्रेशनला ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून उभं राहायचं, एक एक थेंब, कॉनिकल फ्लास्क हलवत राहायचा आणि अगदी फिकट गुलाबी आला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की गडद होतो आणि पहिल्यापासून परत. तीन रीडिंग सारखी यायला हवीत. मला हे आवडतं, खरंच, सगळ्या आठवड्यातला तोच एक तास असतो ज्यात मोबाईल हातात नसतो. मग जर्नल, मग मेसचा डबा, तीन पोळ्या, एक भाजी, वरण-भात, मंगळवारी आणि शुक्रवारी ठरलेला दुधीभोपळा. दुपारी कधी कधी सावानात जाते, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं आहे ते, आमच्या बाहेरगावच्या मैत्रिणींना मी मुद्दाम हे सांगते की १८५७ च्या बंडाच्या आधीपासून नाशिकमध्ये लोक वाचतायत. संध्याकाळी खाली गल्लीतल्याच आठवीतल्या दोन पोरांना गणित-विज्ञान शिकवते, त्यातून मेसचे निम्मे पैसे सुटतात. आणि रविवारी मिसळ. एवढं असल्यावर महिन्यातून एकदा कॉलेज रोडला कोल्ड कॉफी घेऊन दोन तास बसलो तर बसलो, त्या दोन तासांत एकच कॉफी चौघींत असते हेही आजोबांनी लांबून बघितलं नसणार.

आता गेल्या वर्षीचं सांगते. २०२५ चा मे आठवत नाही असं निफाडमध्ये कुणी नसेल. अख्खा महिना पाऊस. आमच्याकडे मे म्हणजे कसं, जमिनीला भेगा, लू, दुपारी कुत्रं बाहेर नाही, आणि त्या महिन्यात रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं. पुढे २५ मे ला तर मान्सूनच राज्यात येऊन पोहोचला, एवढ्या लवकर. आमचा उन्हाळ कांदा थोडा उशिराचा होता, कारण लागवडीला मजूर वेळेवर मिळाले नव्हते. कांदा काढला की लगेच पोत्यात भरत नाहीत हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. उपटून रांगेत अंथरतात, पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे कांद्याला ऊन लागत नाही आणि पात मात्र वाळते. तीन-चार दिवस तसं वाळलं की मग बायका बसतात कापायला. विळ्याने पात कापायची पण मुळाशी नाही, वरती इंच-दीड इंच मान ठेवायची, ती मान पिळली जाऊन बंद होते आणि मग कांदा चाळीत, म्हणजे साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकतो. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला वेगळा, चांगला चाळीत. चाळीत गेला की गणपती-दिवाळीपर्यंत भावाची वाट बघता येते, बाहेर राहिला की व्यापारी म्हणेल तो भाव. म्हणजे आमच्या घराचं वर्षाचं जे काही गणित आहे ते त्या पाच-सहा दिवसांवर असतं, कापणीच्या.

पहिल्या पीडीएफप्रमाणे माझा शेवटचा पेपर ३० एप्रिलला होता. पप्पांनी त्याच हिशोबाने काढणी धरली, की पोरगी येईल, आईला हात होईल, दोन रोजंदारीच्या बायका कमी लागतील. त्या दिवसांत मजुरीचे भाव काय असतात ते आम्हालाच माहीत आणि पैसे देऊनसुद्धा माणूस मिळत नाही, कारण सगळ्यांचा कांदा एकाच वेळी निघतो. मग टाइमटेबल सरकलं आणि माझे दोन पेपर मे मध्ये गेले, मध्ये आठ दिवसांची गॅप. आता तुम्ही म्हणाल आठ दिवस गॅप होती तर जायचं घरी. तसंच ठरवलं होतं, पण ती गॅपसुद्धा खरी आहे का हे कुणी सांगेना, ग्रुपवर रोज कुणीतरी टाकायचं की पेपर प्रीपोन होतोय. प्रीपोन म्हणजे ठरल्यापेक्षा आधी, हा शब्द मी कॉलेजला येऊन शिकले.

एका रात्री साडेदहाला आईचा फोन. मागे पावसाचा एवढा आवाज की तिचं अर्धं ऐकूच येत नव्हतं. ती ओरडून सांगत होती, कापलेला कांदा शेतात ढिगावर आहे, ताडपत्री एकच आहे, पप्पा आणि आजी दोघं ती धरून उभे आहेत, तुझा भाऊ बाजूच्या मळ्यात दुसरी मागायला गेलाय. तिने मला ये म्हटलं नाही. तिने विचारलं, "पेपर कधी आहे गं तुझा?" आणि मी म्हटलं, नक्की माहीत नाही. तिला वाटलं मी टाळतेय. दोन सेकंद ती काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली बरं, अभ्यास कर.

सकाळी पहिल्या एसटीने गेले, निमाणी स्टँडवरून. चांदोरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तेच, शेतात पांढऱ्या-निळ्या ताडपत्र्या, साड्या, जुने फ्लेक्स, एकीकडे तर कुणाच्यातरी वाढदिवसाचा बोर्ड, भाऊंचा हसरा फोटो आणि त्याखाली कांदा. मी पोचले तेव्हा वरचा थर ठीक होता, खालचा भिजलेला. भिजलेला कांदा चाळीत घालता येत नाही, एक सडला की बाजूचे दहा घेऊन जातो, त्यामुळे तो निवडून वेगळा करायचा आणि मिळेल त्या भावात द्यायचा. दिवसभर आई, मी, आजी, एक एक कांदा हातात घेऊन दाबून बघतोय, मानेला मऊ लागला की बाजूला. केमिस्ट्रीची वही मी सोबत नेली होती ती पिशवीतून काढलीही नाही. रात्री नऊला ग्रुपवर मेसेज की पेपर ठरलेल्या दिवशीच आहे, बदल नाही. म्हणजे मी दोन दिवस आधी गेले असते तर कापलेला कांदा आधीच चाळीत असता. हे मी आईला सांगितलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय.

अर्थात पाऊस काही परीक्षा विभागाने पाडला नाही. आणि मी असते तरी सगळं वाचलं असतं असंही नाही. मी फक्त एवढंच म्हणतेय की आईला तारीख सांगता आली असती तर तिने तिचं काहीतरी ठरवलं असतं.

आमच्या रूमवरच्या बाकीच्यांचंही असंच आहे, प्रत्येकीचं वेगळं. एक येवल्याची, तिच्या घरी दोन पैठणीचे माग आहेत, तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न त्याच वर्षी मे मध्ये. तिच्या वडिलांनी बिचाऱ्यांनी ब्राह्मणाला तिथी विचारायच्या आधी हिला टाइमटेबल विचारलं, असा बाप कुठे मिळतो सांगा. हिने टेंटेटिव्ह बघून सांगितलं, पत्रिका छापल्या, आणि मग रिव्हाइज्डमध्ये हळदीच्या दिवशी पेपर आला. मेंदी आदल्या रात्री झाली होती. ही दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी घेऊन पेपरला, आणि सुपरवायझर मॅडम तिच्या बाकाजवळ थांबल्या, तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर करून नीट बघितलं की मेंदीत काही लिहिलंय का. मग म्हणाल्या, तुझं आहे का गं? ही म्हणाली नाही मॅडम, ताईचं, आज हळद. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, मग पटापट लिही की. ती दीड तासात उठली. तेवढ्या विषयात तिला बॅकलॉग लागला, म्हणजे तो पेपर परत द्यायचा, आणि ताईच्या हळदीच्या एकाही फोटोत ती नाहीये, कारण पोचेपर्यंत हळद उतरवून झाली होती.

दुसरी सुरगाण्याची. ती आधी आमच्यासोबत नव्हती, एका वसतिगृहात होती. तिथे वर्ष संपल्याची तारीख ठरलेली असते, त्या तारखेला खोल्या रिकाम्या करायच्या. परीक्षा पुढे गेली पण वसतिगृहाची तारीख पुढे गेली नाही, कारण तो कागद वेगळ्या टेबलावरचा आणि हा कागद वेगळ्या टेबलावरचा. ट्रंक घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली आणि तिघींच्या खोलीत आम्ही चौघी झालो. काकूंनी जास्तीचं भाडं घेतलं नाही, फक्त पाण्याचं तेवढं जपून म्हणाल्या. त्यावर ती हसली, म्हणाली काकू मला पाणी जपायचं शिकवू नका. तिच्या पाड्यावर मार्च-एप्रिलपासून पाण्याची बोंब, आई आणि धाकटी बहीण हंडे घेऊन लांबवर झऱ्याला जातात. मोहाची फुलं पडायचा सीझन पण हाच, पहाटे उठून वेचायची, वाळवायची. तिचं म्हणणं मी एक महिना घरी असले तर धाकटी एक महिना झोपेल. बाकी काही नाही, सकाळची नीट झोपेल. आणि विचार करा, हिचे आईवडील द्राक्षाच्या छाटणीला आमच्याच निफाड-दिंडोरीकडे कामाला येतात, म्हणजे मी ज्यांना लहानपणापासून बागेत बघत आले त्यांच्यातल्या कुणाची तरी पोरगी आता माझ्या शेजारी गादी टाकते, आणि आम्हा दोघींना घरी कधी जायचं हे एकाच पीडीएफवरून कळत नाही.

तिसरी सिन्नरची, तिचं जवळ आहे, ती राहते रूमवरच पण घरी सारखी येऊन जाऊन असते. तिची तक्रार फक्त एसटीच्या पासची. विद्यार्थ्याला तिकिटात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे, चांगली सोय आहे. पण फॉर्मवर परीक्षा कधीपर्यंत हे कॉलेजकडून लिहून आणा म्हणाले आणि कॉलेजच्या खिडकीवर लिहून कुणी देईना, कारण कुणाला माहीतच नाही. ती रकाना रिकामा ठेवून तीन चकरा मारून आली.

आता आजोबांच्या मुद्द्यावर येते, की सुट्टीत कामाला का जात नाही. गेले होते ना. अंबडला एमआयडीसीत एक छोटी लॅब आहे, पाण्याचे, मसाल्यांचे सॅम्पल तपासतात. सीनियरने सांगितलं की मे-जूनमध्ये त्यांना हाताखाली कुणीतरी लागतं, पैसे थोडे पण देतात, आणि अनुभवाचं सर्टिफिकेट. मी मार्चमध्येच गेले, सिटीलिंकने दोन बस बदलून. सरांनी टायट्रेशन करायला सांगितलं, केलं, तीनही रीडिंग बसली. ते खूश. मग म्हणाले, कधीपासून येशील आणि कधीपर्यंत? मी म्हटलं सर परीक्षा झाली की लगेच. म्हणाले तारीख सांग. मी मोबाईल काढून त्यांना पीडीएफ दाखवली, तेव्हा दुसरी होती. त्यांनी बघितली, हसले, म्हणाले आमच्या काळापासून हे असंच आहे. आणि डिप्लोमाच्या एका मुलाला घेतलं, कारण त्याला तारीख सांगता आली. मला त्यांचा राग नाही आला. त्यांनाही कुणाला तरी तारीख सांगायची असते.

मी हे सगळं रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. मला अडचणी कळतात. अॅडमिशनच लांबतात, कधी कुठल्या सीईटीमुळे कधी कशामुळे, मग सेमिस्टर उशिरा सुरू, मग सगळंच उशिरा. नवीन शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीने निवडायचा विषय, असं प्रत्येकाचं कॉम्बिनेशन वेगळं, माझ्यासोबत बेंचवर बसणारीचा मायनर वेगळा आणि माझा वेगळा, तर दोघींचे पेपर एका वेळी येऊ नयेत म्हणून टाइमटेबल पसरतं, हेही समजतं. पेपर तपासणारे तेच प्राध्यापक, इलेक्शन ड्युटीला तेच प्राध्यापक. सगळं मान्य. परीक्षा मे मध्ये घ्या, काही म्हणणं नाही. जूनमध्ये घ्या. पण जी तारीख सांगाल ती सांगा. मी परीक्षा लवकर घ्या असं म्हणतच नाहीये, हे अधोरेखित करा हवं तर.

कायद्यातही हे नाही असं नाही. आमच्या कॉलेजच्या एका सरांनी सांगितलं म्हणून मी वाचायला घेतला, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, निकालाबद्दल त्यात स्पष्ट आहे की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा. आणि परीक्षांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करायचं अशीही तरतूद आहे. वर्षाच्या सुरुवातीला! हे वाचून मी रूमवर मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही परत हसलो, पण काकू यावेळी वर आल्या नाहीत.

आणि तारीख आधी सांगता येतच नाही असं कुणी नाशिककराला तरी सांगू नये. बोर्डाचं बघा, २०२५ ची बारावी ११ फेब्रुवारीपासून आणि दहावी २१ फेब्रुवारीपासून, हे दिवाळीच्या आसपासच कळलेलं होतं, आणि लाखो पोरं बसतात त्या परीक्षेला. आणि आपला सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, या तारखा गेल्या वर्षीच जाहीर झाल्या, दोन वर्षं आधी, आणि सगळं शहर त्याप्रमाणे खोदून ठेवलंय. देशभरातले आखाडे, साधू, रेल्वे, पोलीस, महापालिका या सगळ्यांचं एकमेकांशी जुळवून तारीख ठरते, आणि आमच्या केमिस्ट्रीच्या पेपरची ठरत नाही. माझी आजी म्हणाली, अगं ते गुरू सिंह राशीत जायचं असतं, ते आधीच कळतं. मग म्हणाली, तुमच्या परीक्षा विभागाला विचार तुमचा गुरू कुठे आहे.

मे महिन्यात गोदाघाटावर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला असते, मला बारावीपासून तिथे बसून ऐकायचंय, नदीकाठी, फुकट. एकदाही जमलेलं नाही कारण मे महिन्यात मी एकतर पेपर देत असते, नाहीतर पेपर कधी आहे याची वाट बघत असते. दुसरं जास्त. परीक्षेच्या अभ्यासाने माणूस दमत नाही साहेब, या वाट बघण्याने दमतो. पुस्तक उघडं असतं, बॅग अर्धी भरलेली असते, आणि आपण धड इकडे नसतो ना तिकडे. घरचे म्हणतात अभ्यास चाललाय, रूमवर वाटतं सुट्टी चाललीये, आणि कॉलेज रोडवरून जाणाऱ्या आजोबांना वाटतं ही पोरगी मजा करतीये.

तर माझं मागणं दोनच. एक परीक्षा विभागाला, की टेंटेटिव्ह कमी काढा, एकच काढा पण ते मोडू नका, आणि मोडावंच लागलं तर पंधरा दिवस आधी मोडा, आदल्या आठवड्यात नाही. दुसरं तुम्हाला. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी तुमच्या पुरवणीत सुट्टीचं नियोजन कसं करावं यावर अर्धं पान येतं, तज्ज्ञ सांगतात पोहायला जा, छंद जोपासा, नवीन भाषा शिका, सोबत किलबिलणाऱ्या शाळेतल्या मुलांचा फोटो. यंदा ते छापाल तेव्हा त्याच्या शेजारी एक चौकट टाका, त्यात परीक्षा विभागाला फोन करून आमची शेवटच्या पेपरची तारीख विचारा आणि छापा. तुम्ही विचारलंत तर कदाचित सांगतील. आम्ही विचारलं तर वेबसाइट बघा म्हणतात.

आणि त्या आजोबांना माझा नमस्कार कळवा. ते कॉलेज रोडलाच राहत असतील तर एकदा आमच्याकडे चहाला या म्हणावं, गाड्यांच्या आवाजाबद्दल आपण मिळून तक्रार करू, मी अर्ज लिहून देते.

थांबते आता. काकूंनी खालून परत हाक मारलीये. त्यांच्या पुतण्याला मे मध्ये परगावाहून इथे क्लाससाठी यायचंय आणि खोली हवीये, त्याला काय सांगू म्हणतायत.

आपली नियमित वाचक,
एस.वाय. बीएस्सीची एक विद्यार्थिनी,
नाशिक (मूळ निफाड तालुका)